इससे पैले कितने करे?

"डाक्टरनी बाई, इससे पैले कितने करे?" खालांनी विचारले आणि आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो.

आम्ही तिघी स्त्रीरोगतज्ज्ञ, सोलापूर जिल्ह्यातल्या लहान गावांत आपापले दवाखाने चालवणाऱ्या. पोट उघडून गर्भाशय काढण्याचा सराव आम्हाला पंधरा वर्षांचा. दुर्बिणीतून एकही नाही. त्याचे प्रशिक्षण घेऊन दोनच महिने झाले होते.

त्या पाच दिवसांत आमच्या हातांचा गर्व पुरता उतरला. समोर भोके असलेली पेटी, आत कॅमेरा, आणि चिमट्याने वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. वाचकांना हसू येईल. पण छिद्रातून आत गेलेले अवजार तरफेसारखे फिरते. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे. पडदा सपाट, म्हणून अंतर कळत नाही. बोटांना कळणारा मऊ-टणकपणा लांब दांड्यात हरवतो. पहिल्या दिवशी एक टाका घालायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली.

सरावाची अशी पेटी जर्मनीतल्या कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी तयार केली. १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा शल्यचिकित्सकांनीच त्यांची टर उडवली. गर्भाशय या पद्धतीने पहिल्यांदा काढले ते १९८८ मध्ये, अमेरिकेत हॅरी रीच यांनी.

पाचव्या दिवशी प्रमाणपत्रे मिळाली, फोटो निघाले. हात कच्चेच होते. घरी पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाईल बसवून आम्ही रोज रात्री टाके घालत असू. एकीचा मुलगा विचारी, "अम्मी, खेळतेस काय?"

पण खोक्यात मूत्रवाहिनी नसते. ती गर्भाशयाच्या रोहिणीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जाते. रक्त थांबवताना दिलेल्या विजेच्या चटक्याची आच तिला लागली, तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी बाई लघवी गळते म्हणून परत येते. चूक आमची, भिजलेले कपडे तिचे.

हे ठाऊक असताना खालांना काय सांगायचे? "खूप केलीत, फिकीर करू नका" हे वाक्य आमच्या पेशात फार सहज तोंडून निघते. आमच्यातल्या थोरलीने सांगून टाकले, "हे पहिलेच. शिकवणारे सर शेजारी उभे राहतील. जमले नाही तर नेहमीसारखे पोट उघडू."

खाला पन्नाशीच्या, गाठींच्या रक्तस्रावाने दोन वर्षे हैराण, गोळ्या घेऊन थकलेल्या. त्यांनी सुनेकडे पाहिले. मग म्हणाल्या, "चीरना पडा तो चीरो. शरमाओ नक्को."

बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली. एकीकडे कॅमेरा, एकीकडे अवजारे, तिसरी खालून गर्भाशय धरून. आधीच्या दोन सिझेरियनमुळे मूत्राशय घट्ट चिकटलेले. पाऊण तास सोडवत होतो. पडद्यावर थर ओळखू येईना. सर गप्प. आणखी थोडे, आणखी थोडे, असे मन म्हणत होते. इतक्या रात्री खोक्यात घालवल्या त्या काय याच्यासाठी? मग खालांचे ते "शरमाओ नक्को" आठवले.

"सर, पोट उघडू या."

"वेळेवर बोललात," सर म्हणाले.

आठव्या दिवशी टाके काढताना खालांनी मान उचलून पोटाकडे पाहिले. चार बारीक छिद्रे आणि खाली एक लांब चीर.

"दोनों का पैसा लेते क्या?"

"नाही खाला, एकाचेच," म्हणत आम्ही पुढचा टाका कापला.