ज्वारीचं ऊन

बेंबळीत ज्वारीची रास घरात आली की पहिला प्रश्न असतो, ठेवायची कुठं? आणि दुसरा, किडा लागू नये म्हणून करायचं काय? दुसऱ्याचं उत्तर आता फार सोपं झालंय. बाजारात जायचं आणि ‘गोळी द्या’ म्हणायचं. कसली गोळी, हे दुकानदार विचारतसुद्धा नाही. बटणाएवढी राखी गोळी चिंधीत गुंडाळून पोत्यात खुपसली की काम झालं.

आमच्या घरात ही गोळी येत नाही. आम्ही म्हणजे घरातल्या दोघी सुना, आणि आमच्या पाठीशी अम्मी आणि दादी. पुरुष मंडळी याला हट्ट म्हणतात.

ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो; 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम. किडा कोणता आणि माणूस कोणता, हे त्या वायूला कळत नाही, आणि त्यावर उतारा नाही. ती आहे गोदामासाठी. पोत्यांच्या थप्पीवर जाड प्लॅस्टिक झाकून, कडा दाबून, शिकलेल्या माणसानं वापरायची. केंद्र सरकारनं 2001 सालीच 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर बंदी घातली. कायदा कागदावर आहे, गोळी मात्र पुडीत सुटी मिळते.

दादींचं म्हणणं एकाच वाक्यात संपतं. “जिस खोलीमें बच्चे सोते, उसमें जहर नक्को रे बाबा.”

खरी गोम त्या ‘खोलीत’ आहे. पूर्वी धान्य माणसांच्या उशाशी झोपत नव्हतं. ते पेवात असायचं, नाहीतर माळवदाच्या घरातल्या बळदात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, तोंड लिंपून बंद केलेला खड्डा. आतलं धान्य आणि किडे मिळून हवेतला प्राणवायू संपवतात आणि किडे आपोआप मरतात. जुनं ते सगळं सोनं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. पेवानं माणसंही खाल्ली आहेत. तोंड उघडून हवा खेळू द्यायची, दिवा आत सोडून तो विझतो का ते बघायचं आणि मगच उतरायचं, ही रीत उगाच पडली नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात दगडमातीच्या घरांची धास्ती बसली. पत्र्याची, सिमेंटची घरं आली. त्यांच्या भिंतीत बळद कुठून असणार? पोती निजायच्या खोलीत आली आणि त्यांच्या मागोमाग गोळी आली.

गंमत अशी की पेवाचीच युक्ती परदेशातून परत आली आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी 1980 च्या दशकात आफ्रिकेत, कॅमेरूनमधल्या चवळीसाठी हवाबंद पिशव्या तयार केल्या. आत प्लॅस्टिकचे दोन थर, बाहेर साधं पोतं. औषध काही नाही, नुसतं तोंड घट्ट बांधायचं.

आम्ही मात्र उन्हावर चालतो. ज्वारी गच्चीवर ताडपत्रीवर पसरायची, दर तासाला पायानं फिरवायची. सोंडे ऊन सोसत नाहीत, कडेकडेनं सावलीकडे निघतात. दाणा दाताखाली कट्‌ करून फुटला की वाळला. मग निवू द्यायचा. गरम धान्य कोठीत भरलं की आत घाम धरतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. वर सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. पण पाल्यावर सगळा भरवसा ठेवू नये. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडी घालते, तिथवर पाला पोचत नाही. म्हणून पावसाळ्यात उघडीप मिळाली की पुन्हा ऊन. आख्ख्या मुगाला गोवरीची चाळलेली राख. राखेनं किड्याच्या अंगावरचं मेणकट कवच खरवडतं आणि तो सुकून मरतो. तुरीचा भुंगा तर शेतातूनच शेंगेवर अंडी घालून येतो. तूर लवकर भरडून घ्यायची आणि डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळायचं.

मुंग्यांचं वेगळं. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात मारू नये म्हणून चार जीव सांगितलेत: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि खाटीक पक्षी. त्यामुळे मुंग्यांचा खडूही आमच्याकडे ओढला जात नाही. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवतो आणि मुंग्यांची वाट साबणाच्या पाण्यानं पुसतो. वासावर चालणारा जीव, वास गेला की वाट चुकतो.

परसातल्या वांग्यांना निंबोळीचा अर्क. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम भरड, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायची, थोडा साबणाचा चुरा टाकायचा आणि संध्याकाळी फवारायचं. अळी लगेच मरत नाही, तिची भूक जाते आणि कात टाकणं बिघडतं. चार दिवस धीर धरावा लागतो.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, वा, किती स्वस्त! स्वस्त कुणाला? पाला, राख, ऊन फुकट आहे, पण निंबोळ्या वेचणारे, राख चाळणारे, उन्हात ज्वारी फिरवणारे हात बायकांचेच. अम्मींचे गुडघे त्यातच गेले. आमच्यातली एक शाळेत शिकवते, दुसरी दिवसभर शिलाई मशीनवर असते. गोळीनं खरं तर बायकांचं काम वाचवलं, म्हणून ती घराघरांत इतक्या सहज शिरली. विषाला नाही म्हणायचं आणि काम तेवढं सुनांच्या अंगावर टाकायचं, हेही आम्हांला मान्य नाही.

म्हणून यंदा आम्ही घरात सरळ सांगितलं. गोळी येणार नाही आणि पोती आम्ही वर नेणार नाही. दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्या दिरानं तीन पोती गच्चीवर चढवली, खाली येऊन घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, “अम्मी, इतनी भारी रहती क्या जवारी?” अम्मी नुसत्या हसल्या. चौथं पोतं अजून जिन्यातच आहे.