जुना लॅपटॉप आणि भिजलेला उतारा

आमच्या घरचा लॅपटॉप २०१५ सालचा. तो घ्यायला मी सोसायटीतून कर्ज काढले म्हणून सौ. आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पुढे त्याच लॅपटॉपवर वस्तीतल्या कितीतरी मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले गेले, ही गोष्ट वेगळी. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. शिक्षण बी. कॉम. मशिनचे ज्ञान म्हणाल तर पंख्याचा कंडेन्सर बदलण्यापुरते. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात दोन महिने मी या लॅपटॉपच्या मागे लागलो होतो, त्याची ही हकिकत.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली. दुपारी काम चालू असताना लॅपटॉप एकाएकी बंद पडे. ना सूचना, ना आवाज. लगेच बटण दाबले तर दोन सेकंद दिवा लागे आणि पुन्हा अंधार. वीस मिनिटांनी मात्र शहाण्यासारखा सुरू होई. मी म्हटले, लाइटचा घोटाळा असेल. मग दुसरेच दुखणे निघाले. सकाळी सुरू करायला जावे तर कंपनीचे चिन्ह दाखवून तिथेच थांबे. कधी निळा पडदा येऊन मशिन आपोआप पुन्हा सुरू होई, कधी 'ऑटोमॅटिक रिपेअर'ची तयारी चालू आहे असे म्हणत फिरून फिरून तिथेच येई. एके दिवशी तर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशी पाटी आली. म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे ती डिस्कच त्याला दिसेना.

सीताबर्डीवर एका दुकानात नेला. तिथल्या मुलाने पाच मिनिटे पाहून निकाल दिला, "काकाजी, मदरबोर्ड गेला समजा. जुनं मॉडेल आहे, पार्ट भेटत नाही. फॉरमॅट मारून पाहतो, चालला तर चालला." फॉरमॅट म्हणजे आतले सगळे पुसून टाकणे, एवढे मला माहीत होते. मी लॅपटॉप काखोटीला मारून परत आलो.

पुसून टाकणे मला का परवडणारे नव्हते, ते सांगतो. आपल्या लोकांना जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. कुणाच्या आजोबांचा शाळेतला दाखल खारीज उतारा, कुणाचा कोतवाल बुकातला जन्माचा उतारा, कुणाचे जुने खरेदीखत. हे कागद पत्र्याच्या पेटीत घड्या पडून विरलेले असतात. २०२३ पासून मी वस्तीतल्या घराघरांतले असे कागद स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवत होतो. दोनशेच्या वर झाले होते. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. हिशेबाची प्रत्येक वही दुबार ठेवणाऱ्या माणसाने हे केले, याची लाज आजही वाटते.

त्यातच शेजारच्या ताई आल्या. त्यांची मुलगी बारावीला होती, इंजिनिअरिंगला जायचे म्हणून पडताळणीचा अर्ज करायचा होता. पणजोबांचा उतारा २०२४ च्या पावसाळ्यात पेटीसकट भिजून लगदा झाला होता. "भाऊ, तुमच्याकडे फोटो आहे ना त्याचा?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. लॅपटॉप सुरू होत नाही, हे सांगण्याची हिंमत झाली नाही.

स्कॅन काही समितीपुढे मूळ कागद म्हणून चालत नाही, हे मला ठाऊक होते. पण त्यावर रजिस्टरचा क्रमांक आणि दाखल झाल्याचे वर्ष असते. तेवढे हातात घेऊन गावच्या शाळेत गेले की नवा उतारा मिळतो. क्रमांक नसला तर सत्तर-ऐंशी वर्षांची रजिस्टरे कोण चाळतो? मी स्वतः लिपिक आहे, मला विचारा.

पहिल्या रविवारी मी घाई केली. अँटीव्हायरस काढला, ड्रायव्हर बदलले, मागचे झाकण उघडून रॅमची पट्टी काढली, तिचे पिवळे दात खोडरबरने घासून पुन्हा बसवली. सगळे एकाच दिवशी. लॅपटॉप दोन दिवस ठणठणीत चालला. मी ऑफिसात सांगत सुटलो की रॅम सैल होती, दुकानदाराला काही कळत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निळा पडदा. चार गोष्टी एकदम बदलल्यामुळे कशाने बरे वाटले आणि कशाने नाही, हे कळायला काही मार्गच उरला नव्हता.

मग माझ्यातला लिपिक जागा झाला. तेरीज जुळत नसते तेव्हा आम्ही सगळ्या वह्या उलथ्यापालथ्या करत नाही. आधी फरक किती ते पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी ४५. चूक आपली खूण ठेवून जाते. मी शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, किती मिनिटे चालला, बंद पडताना पडद्यावर काय होते, बूड गरम की थंड, पंखा फिरत होता का.

तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या आणि चित्र आपोआप उघडे पडले. सहा नोंदी दुपारच्या, पंचवीस ते चाळीस मिनिटांनंतरच्या, बूड गरम, निळा पडदा नाही. चार नोंदी सकाळच्या, मशिन थंडगार, निळा पडदा किंवा नुसते चिन्ह, आणि डिस्कचा छोटा दिवा न मिचकावता सतत पेटलेला. दोन वेगळी दुखणी एकाच अंगात होती. हिशेबातही असे होते. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि माणूस एकच शोधत बसतो.

राहिलेल्या एका नोंदीत घड्याळ २०१५ च्या पहिल्या जानेवारीवर गेले होते, आणि तारीख चुकल्यामुळे सरकारी वेबसाइट उघडेनात. तो मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. बदलला, विषय मिटला.

लॅपटॉपच्या स्वतःच्या नोंदवहीतही डोकावलो. तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. तिथे प्रत्येक वेळी लाल अक्षरांत 'कर्नल-पॉवर ४१'. मला वाटले, चोर सापडला. पण त्याचा अर्थ एवढाच की मशिन रीतसर बंद न होता बंद पडले. मयताच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण म्हणून 'श्वास थांबला' लिहावे, तसला प्रकार.

दुपारचे दुखणे सोपे होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. वर पत्र्याचे छत, आणि मी लॅपटॉप गादीवर ठेवून काम करणार. हवा आत घेण्याची भोके बुडाला असतात, ती गादीने बंद. झाकण उघडले तर पंख्यापुढच्या तांब्याच्या जाळीवर धुळीचा थर बसला होता, कूलरच्या दमट हवेने चिकटून नमद्यासारखा घट्ट झालेला. आतला प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून मशिन स्वतःच वीज तोडते. म्हणजे बंद पडणे हा बिघाड नसून बचाव होता. ब्रशने धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, गादीऐवजी लाकडी पाट आला. त्यानंतरच्या आठ दिवसांत दुपारची एकही नोंद नाही. या वेळी दुसरे काहीही बदलले नव्हते, म्हणून खात्रीने लिहितो.

सकाळचे दुखणे कायम होते. रॅमची तपासणी रात्रभर चालवली, दोष निघाला नाही. उरली डिस्क. इथे मी मोठी चूक केली. कुणीतरी सांगितले म्हणून रात्री 'चेकडिस्क' लावून झोपलो. सकाळी पाहतो तर आकडा बारा टक्क्यांवर अडकलेला आणि आतून टक-टक असा बारीक आवाज. माझी मुलगी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती आवाज ऐकून धावत आली. "बाबा, बंद करा! मरणाऱ्या माणसाला कवायत करायला लावता का? आधी कागदं बाहेर काढा, मग रोग शोधा."

तिने डिस्कची प्रकृती दाखवणारा 'स्मार्ट'चा तक्ता उघडून दाखवला. डिस्कवरचे जे कप्पे वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल लागायचा आहे, त्यांचा आकडा १६८ होता. निरोगी डिस्कवर तो शून्य असावा लागतो. सुरू होताना लागणाऱ्या फायली अशा कप्प्यांत सापडल्या की मशिन वाचत वाचत तिथेच अडकते. सकाळच्या चारही नोंदींचा उलगडा झाला.

मग तिने पेनड्राइव्हवर लिनक्स घेतले, नवी डिस्क यूएसबी केबलने जोडली आणि 'डीडीरेस्क्यू' नावाचा प्रोग्रॅम लावला. त्याची रीत मला फार आवडली. वाचता येते तेवढे तो आधी उचलून घेतो, अडलेले बाजूला ठेवतो आणि शेवटी एकेका अडलेल्या कप्प्याकडे पुन्हा पुन्हा जातो. लॅपटॉप पाटावर, शेजारी टेबलफॅन, असे एकोणीस तास चालले. रात्री मी तीनदा उठून पाहिले.

ताईंच्या मुलीच्या पणजोबांचा तो उतारा उघडला तेव्हा आधी खालचा अर्धा भाग नुसता राखाडी दिसला. माझ्या पोटात गोळा आला. मुलीने प्रोग्रॅमचा आणखी एक फेरा लावला. दुपारी पुन्हा उघडला तर पूर्ण होता. क्रमांक, १९४३ साल, हेडमास्तरांची सही, सगळे. जूनअखेर शाळा उघडताच ताईंचे यजमान गावी जाऊन नवा उतारा घेऊन आले आणि अर्ज दाखल झाला.

लॅपटॉपमध्ये आता फिरती डिस्क नाही, एसएसडी आहे. दीड हजाराच्या आत काम झाले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि ११ हे मशिन घेत नाही, म्हणून मुलीने लिनक्स मिंट घातले. मराठी टायपिंग चालते. वाचलेल्या कागदांच्या तीन प्रती आहेत, त्यांतली एक भावाच्या घरी.

चार फायली मात्र वाचल्या नाहीत. तिघांच्या घरी मूळ कागद होते, मी पुन्हा स्कॅन केले. चौथा कागद पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांचा. मूळ कुठे ठेवला ते त्यांना आठवत नव्हते. "तुझ्याकडे आहे म्हणून मी बेफिकीर होतो रे," ते एवढेच म्हणाले. मी चहा तसाच ठेवून उठणार होतो. त्यांनी हात धरून बसवले आणि विचारले, "शाळेचे नाव मला पाठ आहे, वर्षही अंदाजे सांगतो. तू येतोस का बरोबर?"

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी एक किरकोळ रजा टाकली. सकाळी सहाच्या एसटीने आम्ही दोघे निघालो. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि माझी ती शंभर पानी वही होती, मागची पाने कोरी होती म्हणून घेतलेली.