पोटाचे म्हणणे

मराठीत पोटाइतका बोलका अवयव दुसरा नसावा. भीतीने पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात कालवते, एखादा पोटतिडकीने बोलतो, तर थोर मनाचा माणूस अपराध पोटात घालतो. वर्गात आम्ही हे सारे लक्षणेची उदाहरणे म्हणून सांगत आलो आहोत. मात्र गेली नऊ वर्षे आमचे पोट अगदी वाच्यार्थाने दुखते आहे, आणि अभिधा कोठे संपते व लक्षणा कोठे सुरू होते, हे आता आम्हांस पूर्वीइतके स्पष्ट दिसत नाही.

या दुखण्याला ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. मुरडा येतो, पोट फुगते. कधी दिवसातून चारदा जावे लागते, कधी दोन-दोन दिवस होत नाही. दुर्बिणीतून पाहावे तर आतडे निरोगी दिसते, रक्ताचे अहवालही निर्दोष येतात. पहिल्या डॉक्टरांनी अहवाल परत करीत म्हटले, “काही नाही, मनाचं आहे.” हे ‘काही नाही’ घरी आले, की घरची माणसेही पोटाऐवजी स्वभावाची चौकशी करू लागतात.

वैद्यकाने या ‘काही नाही’चा मागोवा पूर्वीच घेतलेला आहे. जेम्स रिची यांनी १९७३ साली ‘गट’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला, तेव्हा या विकाराच्या ५५ टक्के रुग्णांना वेदना झाली. इतरांत हे प्रमाण ६ टक्के होते. फुगा तेवढाच, जाणीव मात्र निराळी! आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते आणि मेंदूशी त्याची अखंड देवाणघेवाण चालते. म्हणूनच २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांनी या विकारांना आतडे आणि मेंदू यांच्या परस्परक्रियेचे विकार मानले. ते केवळ मनाचे नाहीत आणि केवळ पोटाचेही नाहीत.

हे निकष वाचताना आमच्यातला भाषेचा शिक्षक जागा झाला. या विकारावर शिक्कामोर्तब करणारी एकही चाचणी नाही. निदान मुख्यतः रुग्णाच्या कथनावर उभे असते. (शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, पंडुरोग अशा खुणा असतील, तर अर्थातच तपासण्यांना पर्याय नाही.) २००६ च्या ‘रोम ३’ मध्ये पोटातील ‘वेदना किंवा डिस्कम्फर्ट’ असे शब्द होते. २०१६ मध्ये त्यांतला दुसरा शब्द गाळला गेला. एक कारण असे, की कित्येक भाषांत त्याला नेमका प्रतिशब्द नाही आणि भाषेगणिक त्याचा अर्थ पालटतो. अनुवादाच्या अडचणीने रोगाची व्याख्या बदलावी, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मराठीत तरी काय म्हणावे? पोट डब्ब होते, गुबारा धरतो, ढवळते, मुरडून येते. प्रत्येक त्रासाला स्वतंत्र शब्द आहे; पण या सर्वांना कवेत घेणारा ‘अस्वस्थता’ हा शब्द उच्चारताच ऐकणारा पोट सोडून मनाकडे वळतो. पुढे भेटलेल्या डॉक्टरांनी आम्हांस विचारले, “अस्वस्थ म्हणजे नेमकं काय होतं? दुखतं, की फुगतं?” एवढ्या वर्षांत हा प्रश्न प्रथमच कोणी विचारला होता.

सांगण्यातला संकोच हा आणखी एक अडसर. ३३ देशांतील सुमारे ७३ हजार लोकांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून उत्तरे देणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांत असा एक तरी विकार आढळला. घरोघरी प्रत्यक्ष विचारले तेथे सुमारे २१ टक्के. भारतातील पाहणी या दुसऱ्या प्रकारची होती. देश वेगळे असल्याने या तफावतीची कारणे अनेक असतील. पण शौचाविषयी परक्यापुढे बोलताना जीभ अडखळते, हे कारण मराठी वाचकास समजावून सांगायला नको.

दुखणे गेलेले नाही. आहार, औषध आणि झोप यांनी ते आटोक्यात आहे, इतकेच. डॉक्टरांच्या सूचनेवरून आम्ही एक वही ठेवली आहे. काय खाल्ले, कधी व कोठे दुखले, किती वेळ, हे तीत रोज लिहितो. त्या वहीपुरता ‘अस्वस्थ’ हा शब्द आम्ही वर्ज्य केला आहे.