कोपर वाकलं पाहिजे

गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस कसा चालतो, ते गल्लीभर दिसतं. कोपराचं झालेला माणूस कसा जेवतो, ते फक्त घरच्यांना दिसतं. म्हणूनच की काय, कोपराची दुखापत लोक हलक्यात घेतात. ‘हातच तर आहे, प्लास्टर घाला’ हे वाक्य मी ओपीडीत वर्षानुवर्षं ऐकतो आहे.

ओल्या फरशीवर पाय घसरतो, माणूस पडताना हात टेकतो आणि कोपर मागे निखळतं. त्याच झटक्यात कधी रेडियल हेड, म्हणजे हाताच्या बाहेरच्या हाडाचं कोपराकडचं टोक, फुटतं, कोरोनॉइडचा तुकडा उडतो आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट दंडाच्या हाडावरून सुटून येतं. हॉचकिस या अमेरिकी सर्जननी या दुखापतीला ‘टेरिबल ट्रायड’ म्हटलं. नाव भडक आहे, पण आमच्यापैकी कुणाला ते अजून खोडावंसं वाटलेलं नाही. कोरोनॉइड म्हणजे हाताचं हाड मागे घसरू न देणारा उंबरठाच. एक्स-रेत तो तुकडा नखाएवढा दिसतो. नवशिके त्यालाच सोडून देतात.

दुरुस्ती आतून बाहेर करत यायची. आधी कोरोनॉइड, कारण रेडियल हेड जागेवर बसलं की त्याच्या आडून तिथे पोचता येत नाही. रेडियल हेडचे तीनपेक्षा जास्त तुकडे असतील, तर ते स्क्रूने जोडण्याचा हट्ट मी धरत नाही, धातूचं बसवतो. तेव्हा काढलेले तुकडे ट्रॉलीवर पुन्हा जुळवून पाहायचे. रक्ताने माखलेलं ते छोटं चाक नीट जमलं की माप कळतं. दोन मापांच्या मध्ये अडकलो तर लहान घेतो. मोठं बसलं तर सांधा कोंबल्यासारखा होतो, समोरची कूर्चा झिजते आणि कोपर वाकेनासं होतं. शेवटी लिगामेंट त्याच्या जागी शिवायचं आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली हात हळूहळू सरळ करत बघायचं, कुठे सटकतं का. खरी परीक्षा ही. प्लेट-स्क्रूचा फोटो कितीही देखणा येवो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हात लवकर हलवता यावा म्हणून. कोपराइतका पटकन आखडणारा सांधा दुसरा नाही. तीन आठवड्यांहून जास्त प्लास्टरमध्ये राहिलं, तर पुढचे कित्येक महिने ते वाकवण्यात जातात. म्हणून पहिल्या आठवड्यातच रुग्णाला उताणं झोपवून, हात छताकडे उभा धरून वाकव-सरळ करायला लावतो. त्या स्थितीत वजनाने सांधा आपोआप जागेवर बसतो. घरचे घाबरतात. ‘डॉक्टर, टाके उसवतील हो!’ नाही उसवत. उसवण्याजोगी शिलाई असेल, तर तो दोष हलवण्याचा नव्हे, आमचा.

मायो क्लिनिकमधल्या मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवलं, की रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांपर्यंतची हालचाल पुरते. मी रुग्णाला ऑपरेशनआधीच सांगतो, की शेवटचे दहा-पंधरा अंश सरळ होणार नाहीत. नंतर सांगितलं की ती सबब वाटते. एक शिक्षिका म्हणाल्या, ‘सरळ नाही झालं तरी चालेल, वेणी घालता आली पाहिजे.’ त्यांनी नेमकं ओळखलं होतं. सरळ होण्यातली उणीव खपून जाते, वाकण्यातली घासागणिक आडवी येते. तळहात वर वळला नाही, तर तीर्थ घ्यायचीही पंचाईत. तळहात खाली वळण्यातली कसर खांदा थोडीफार भरून काढतो, वर वळण्यातली नाही.

आणि मालीश. याविषयी मी सौम्यपणे बोलू शकत नाही. कोपरासमोरचा स्नायू सांध्याला अगदी चिकटून असतो. जोर लावून ताणला की त्यात रक्त साकळतं आणि कधी कधी तिथे चक्क हाड तयार होतं. मग तेच कापून काढायला दुसरं ऑपरेशन. व्यायामात जोर रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूंचा हवा, फार तर त्याच्याच दुसऱ्या हाताचा.

कोपरावर पडलात तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, हात दिसेल त्या स्थितीत झोळीत घ्या आणि एक्स-रे काढा. करंगळी बधिर वाटली तर तेही डॉक्टरांना सांगा. तेलाची बाटली मात्र कपाटातच राहू द्या, ऑपरेशननंतरसुद्धा.