बांध आपला, पाऊस देवाचा

गोव्याच्या उत्तर टोकाला पेडणे तालुका आहे. त्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी वाहते, दक्षिणेस शापोरा. पेडण्याहून हरमलच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाताना वाटेत कोरगाव लागते. १७८८ साली सावंतवाडीच्या भोसल्यांकडून हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला; म्हणून त्याची गणना ‘नव्या काबिजादी’त होते. बारदेश-सासष्टीप्रमाणे येथे ख्रिस्ती वस्ती दाट नाही. २०२३ पासून याच तालुक्यातील मोपा येथे विमाने उतरू लागली आहेत. परंतु कोरगावात पाहण्यासारखे जे आहे ते जमिनीवर, नव्हे जमिनीच्या सखल कडेला आहे. ती म्हणजे तेथील खाजणे. गावातील एका वाड्याचे नावच भालखाजन असे आहे.

खाजण म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेले शेत. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे आणि ही विद्या पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची आहे. चिखल, गवत व जांभा दगड यांचा बांध खारे पाणी अडवतो. बांधात लाकडी झडपांचे दार असते, त्यास ‘मानस’ म्हणतात. कोकणातील आपली उघाडी ती हीच. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने त्या उघडतात व पावसाचे साचलेले पाणी बाहेर पडते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. हे काम रात्रंदिवस चालू असते.

तरीही उन्हाळ्यात जमिनीत मीठ चढतेच. ते मीठ काढण्याचे साधन शेतकऱ्यापाशी नाही. तो वैशाखात जमीन नांगरतो, ढेकळे उघडी टाकतो आणि आभाळाकडे पाहतो. मृगाच्या सरी येतात, मीठ विरघळते, मानसातून वाहून जाते. मग मोड आणलेले कोरगुट भाताचे बी तो फेकतो. हे भात उंच वाढते, उतारा थोडा देते. पण खारटपणा सोसते. ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन केंद्राने ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ या जाती याच साध्या कोरगुटातून निवडल्या.

वाचकहो, परमेश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे काय, हे या शेताइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. बांध घालणे माणसाचे काम आहे. जो बांधाची डागडुजी करीत नाही आणि देवाने पीक द्यावे म्हणतो, तो भरवसा ठेवीत नाही, आळस करतो. उलट, मीठ धुणे माणसाचे काम नाही. जो तेही आपल्याच हातांनी करू पाहतो, तो रात्रभर जागतो आणि शेत मात्र खारटच राहते. आपल्या घरांतही असेच घडते. मुलांचे शिक्षण, मुलीचा विवाह, घरातील आजार यांसाठी झटणे योग्यच. पण झटून झाल्यावर जी चिंता उरते, तिने कोणाचे मीठ धुतले गेले आहे? मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू बी पेरून झोपी जाणाऱ्या माणसाचा दाखला देतो. बी कसे वाढते हे त्याला कळत नाही, तरी ते वाढते.

कोणी विचारील, “बांध फुटला तर?” तो फुटतो. खारे पाणी शेतात शिरते, उभे पीक जाते आणि पुढच्या हंगामातही जमीन कडू राहते. अशा वेळी प्रार्थना करणाऱ्याचे शेत वेगळे राखले जात नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु ते शेत शापित झाले, असेही नव्हे. भगदाड बुजवले की पाऊस पुन्हा तेच काम करू लागतो, पहिल्या वर्षी थोडे, पुढे अधिक. आणि भगदाड बुजवायला एका घराचे हात पुरत नाहीत. बांध साऱ्या गावाचा असतो. हिंदू व ख्रिस्ती, दोघांच्या शेतांना तोच राखतो. पाऊस नीतिमान व अनीतिमान यांत भेद करीत नाही, हे प्रभूनेच शिकविले आहे. पुष्कळदा देवाचा आशीर्वाद शेजाऱ्याच्या खांद्यावरील पाटीतून येतो आणि अभिमानापायी आपण तो परत पाठवतो. देण्यास औदार्य लागते, तसे घेण्यास नम्रता लागते.

सासष्टीतील राय येथे ५ ऑगस्टला व ताळगाव येथे २१ ऑगस्टला नव्या कणसांचा सण होतो. धर्मगुरू पहिल्या कणसांना आशीर्वाद देतात. तेव्हा बहुतेक शेत अजून उभेच असते. कापणी, मळणी व्हायची असते, वादळाचे भय सरलेले नसते. कोठार भरण्यापूर्वी, मूठभर कणसांवरच हे आभार मानले जातात. श्रद्धावंत कुटुंबाने हीच रीत आपल्या संध्याकाळच्या जपमाळेत आणावी. आज जे मूठभर मिळाले त्याचे आभार मानावेत, उद्याचा बांध नीट पाहून घ्यावा, आणि पाऊस ज्याचा आहे त्याच्यावर सोपवून स्वस्थ झोपावे.