पिकलबॉल: डोक्यावरून गेलेला चेंडू सोडा

गेल्या वर्षी पिकलबॉल खेळताना डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी मी मान वर करून मागे मागे धावलो आणि मनगट मोडून घेतलं. म्हणून माहुलच्या माझ्या पन्नाशीतल्या रुग्णांना सांगतो: कोर्ट ४४ बाय २० फुटांचं, बॅडमिंटनच्या दुहेरीएवढंच, पण पडायला तेवढं पुरतं.

बूट कोर्टवरचेच घ्या; धावायच्या बुटांत आडवं वळताना घोटा मुरगळतो. जाळीजवळच्या ७ फुटी ‘किचन’मध्ये उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही. शेजारचा चेंडू आत आला, तर ‘बॉल!’ ओरडून खेळ थांबवा. उंच चेंडूसाठी वळून धावा, नाहीतर सोडा. रिफायनरीचा वास जास्त असेल, त्या दिवशी दमेकऱ्यांनी खेळू नये. छातीत दडपण आलं, तर गेम अर्धा टाकून इस्पितळ गाठा.