इतिहास शिकायचा तर आधी शब्द

जगाचा इतिहास म्हटलं की सनावळ्या आठवतात आणि भल्याभल्यांना धडकी भरते. तीसेक वर्षं शाळेत हाच विषय शिकवल्यावर माझं मत असं झालंय, की सनावळ्या पुस्तकात सापडतात, शब्द मात्र समजून घ्यावे लागतात. पाच-पंचवीस शब्द पक्के झाले की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

साधा 'शोध' हा शब्द घ्या. कोलंबसाने १४९२ साली अमेरिकेचा शोध लावला, हे आपण सगळेच शिकलो. पण मराठीत शोध घेणं वेगळं आणि शोध लावणं वेगळं. कोलंबस शोध घेत होता आशियाच्या वाटेचा, आणि पोचला कॅरिबियन बेटांवर. तिथे माणसं आधीपासून नांदत होतीच की! मग शोध लागला कुणाला? युरोपला. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, तेव्हा हिंदुस्थानही काही हरवलेला नव्हता.

दुसरा शब्द 'सरंजामशाही'. मराठेशाहीत सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला मुलखाचा महसूल. तोच शब्द आपण युरोपातल्या मध्ययुगीन व्यवस्थेला लावला. साम्य आहे, नाही असं नाही. पण तिथला भूदास जमिनीला बांधलेला असे, धन्याच्या परवानगीवाचून त्याला गाव सोडता येत नसे. शब्द ओळखीचा, म्हणून गोष्टही ओळखीची असं समजून चालत नाही.

आणि 'बंड'? १७९१ साली सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत गुलाम उठले. मळेवाल्यांच्या लेखी ते बंड. १८०४ साली त्याच लोकांनी हैती हा स्वतंत्र देश जाहीर केला, आणि आता आपण त्याला क्रांती म्हणतो. पुढे १८२५ साली मान्यता देताना फ्रान्सने त्यांच्याकडे १५ कोटी फ्रँक मागितले. कशाबद्दल? तर 'नुकसानभरपाई'! जे गुलाम होते त्यांनीच मालकांचं नुकसान भरून द्यायचं. एका शब्दात केवढा अन्याय मावतो पाहा.

हे झालं दूरदेशीचं. मी मराठवाड्यातला. आमच्याकडे जुनी माणसं 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि हैदराबाद भारतात आलं. मागे सुट्टीत आलेल्या नातीला हे सांगत होतो, तर ती म्हणाली, "आजोबा, पोलीस होते तर रणगाडे कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. युद्ध परक्याशी होतं, पोलीस आपल्याच घरात येतात. 'पोलीस कारवाई' म्हटलं की हा आमचा अंतर्गत मामला, असं जगाला सांगता येतं. गंमत म्हणजे इंडोनेशियात १९४७ आणि १९४८ साली फौजा घुसवताना डच सरकारनेही हाच शब्द वापरला होता. आणि त्या डच कारवाईविरुद्ध जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत परिषद बोलावली ती नेहरूंनी! दोन्ही घटना सारख्या नव्हेत. डचांना गेलेली वसाहत परत हवी होती, इथे लोकच निजामाविरुद्ध लढत होते. शब्द मात्र एकच.

माझ्या आईला त्या पाच दिवसांनी सुटका वाटली. रझाकारांच्या भीतीने तिने कित्येक रात्री शेतात काढल्या होत्या. शेजारच्या खालांच्या माहेरची माणसं मात्र त्यानंतरच्या हिंसाचारात गेली. दोघी शेवटपर्यंत 'पोलीस ॲक्शन'च म्हणायच्या. आई ते मोकळेपणाने सांगायची. खाला तेवढं म्हणून गप्प व्हायच्या.

आता १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे, आणि तो शब्द मला पटतो. पण नातीला मी दोन्ही शब्द सांगितले, आणि खालांचं गप्प होणंही सांगितलं. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची. 'फ्यूडॅलिझम' तिला तिथे शिकवतील. हे मात्र घरातूनच, आपल्या भाषेतूनच कळायला हवं. आम्ही गेल्यावर कोण सांगणार?

असो. तुमच्या घरातही असा एखादा शब्द असेल, तर जरूर कळवा. आणि वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांना त्याचा अर्थ विचारून ठेवा.